गोठ्यांतील शब्द आणि शाळेंतील शब्द

डहाणू हें नांव 'धेनुग्राम' या शब्दापासून निघालें, असें आपल्या भागांत परंपरेनें सांगतात. पूर्वीं येथें घरोघर गाई असत, म्हणून हें गाईंचें गांव, असा त्याचा अर्थ लावितात. धेनु म्हणजे गाय, हें शाळेंतील लहान मूलही सांगेल. परंतु जुन्या कोशकारांचें एवढ्यानें समाधान होत नसे. अमरकोशांत 'धेनु' हें नांव सर्व गाईंस दिलेलें नाहीं. तें नुकत्याच व्यालेल्या गाईचें आहे. एकदांच व्यालेली ती गृष्टि. विऊन पुष्कळ दिवस झालेली ती बष्कयणी. दरवर्षीं विणारी ती समांसमीना. आणि जिची कास दुधानें भरलेली ती पीनोध्नी.

एका गाईस इतकीं नांवें कशाला, असें शहरांतील मुलास वाटेल. ज्याच्या दारांत गाय बांधलेली आहे, त्यास तसें वाटणार नाहीं. गाभण गाईचा चारा निराळा, तान्ह्या गाईची काळजी निराळी, आणि भाकड गाईच्या खर्चाची चिंता निराळी. म्हणून आपल्या मराठींतही पहिलारू, तान्ही, दुभती, गाभण, भाकड असे शब्द आहेत. ते कोणा पंडितानें घडविलेले नाहींत. गोठ्यांत दूध काढणाऱ्या व शेण भरणाऱ्या माणसांनीं गरज पडली तसे ते घडविले.

पिलांच्या नांवांत तर ही श्रीमंती विशेष दिसते. गाईचें वासरूं, त्यांतील मादी ती पाडी, जाणती होत आली कीं कालवड, नर तो गोऱ्हा, अंगानें भरला कीं खोंड. म्हशीचें रेडकूं, त्यांतील वाढती मादी वगार. शेळीचें करडूं, त्यांतील वाढती मादी पाट. मेंढीचें कोंकरूं, घोडीचें शिंगरूं, हरिणीचें पाडस, सिंहाचा छावा. अद्याप अंडीं घालूं न लागलेली कोंबडी ती तलंग, आणि अंडीं उबविण्यास बसलेली ती खुडूक. बैलबाजारांत जनावराचें वय वर्षांत मोजीत नाहींत. ओंठ उघडून दांत पाहतात. दुधाचे दांत न पडलेला तो आदत, पक्क्या दांतांची पहिली जोडी आलेला तो दुसा, दुसरी जोडी आलेला तो चौसा. त्या एका शब्दांत वय, किंमत आणि कामाची ताकद या तिन्हींचा अंदाज येतो.

आतां आमच्या वर्गांतील परीक्षा पाहा. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत गाईच्या पिलास काफ, शेळीच्या पिलास किड, मेंढीच्या पिलास लॅम आणि घोडीच्या पिलास फोल असें लिहिणाऱ्या मुलास पैकींच्या पैकीं गुण मिळतात. तोच मुलगा तलंग, वगार, पाट हे शब्दही जाणतो. पण ते त्यास कोणी विचारीत नाहीं. उलट, वारली किंवा मांगेली बोलींतील घरचा शब्द त्याच्या तोंडून गेला, तर शेजारच्या बांकावरून हंसणें ऐकूं येतें, आणि पुढें तो मुलगा वर्गांत तोंड उघडीत नाहीं. डहाणू व तलासरी या तालुक्यांत आदिवासींची वस्ती बहुसंख्य आहे. म्हणजे असा गप्प बसणारा मुलगा एकटादुकटा नव्हे. माझ्या मतें ही आपल्या शिक्षणांतील मोठी उणीव आहे. इंग्रजी शब्द अवश्य शिकवावे. परंतु ज्या भाषेचा आपण इतका मान राखतों, त्या भाषेच्या लोकांनीं आपल्या गोठ्यांतील व रानांतील जुन्या शब्दांस कसें वागविलें, हेंही मुलांस सांगितलें पाहिजे.

इंग्रजींत हरणास डिअर म्हणतात. हजार वर्षांपूर्वीं या शब्दाचा अर्थ कोणतेंही जनावर असा होता. जर्मन भाषेंत त्याचा भाऊ 'टीअर' अद्याप त्याच अर्थानें नांदत आहे. फाउल म्हणजे कोणताही पक्षी. तो शब्द पुढें कोंबडीवर येऊन थांबला. हाउंड म्हणजे कोणताही कुत्रा. तो शिकारी कुत्र्यापुरता उरला. रॅबिट हें नांव पूर्वीं बिळांत राहणाऱ्या सशाच्या केवळ पिलाचें होतें आणि मोठ्या सशास कोनी म्हणत. कोनी शब्द मागें पडला, आणि पिलाचें नांव बापास मिळालें! काइन हें गाईंचें जुनें अनेकवचन. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तें जागोजाग आढळतें, परंतु आज कोणी बोलत नाहीं.

आपल्या मृग शब्दाचा इतिहास असाच आहे. वेदकाळीं मृग म्हणजे रानांतील कोणतेंही जनावर. म्हणून सिंह हा मृगराज, वानर हा शाखामृग, आणि शिकार ती मृगया. पुढें तो शब्द हरणापुरता उरला. हजारों कोस दूर असलेल्या दोन भाषांत सर्व जनावरांचें नांव शेवटीं हरणासच जाऊन चिकटलें. दोन्हीकडे शिकाऱ्याचें आवडतें जनावर तेंच असावें.

पालक शाळेस जी फी देतात, त्या शब्दाच्या मुळाशींही जनावर उभें आहे. जुन्या इंग्रजींतील फेओह या शब्दांत गुरें, मालमत्ता आणि पैसा असे तिन्ही अर्थ होते, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या पशु शब्दाशीं जोडतात. लॅटिन भाषेंतही पेकुस म्हणजे गुरें, आणि पेकूनिया म्हणजे पैसा. आपल्या शेतकऱ्याचा जितराब हा शब्द घ्या; जितीं जनावरें हीच घरची मालमत्ता, हा विचार त्यांत उघड दिसतो. आणि 'गोष्ट' हा शब्द कोठून आला? संस्कृतांत गाई बांधण्याची जागा ती गोष्ठ. त्यापासून आपला गोठा. माणसें एकत्र जमून बोलत, ती गोष्ठी. तिच्यापासून आपली गोष्ट. गाईंचा शोध घेणें ती गवेषणा. आज विद्वानांच्या संशोधनास तो शब्द लावितात. आजीची गोष्ट आणि पंडिताची गवेषणा या दोघीही गाईच्या मागून आल्या आहेत.

गोठा सोडून रानांत गेलें तरी हाच अनुभव येतो. आपल्याकडे बिबट्या दिसला, कीं गांवकरी वाघ आला असें म्हणतात. वर्तमानपत्र वाचणारा शहाणा त्यांस हंसतो आणि वाघ व बिबट्या यांतील फरक समजावूं लागतो. फरक गांवकऱ्यास ठाऊक असतो. अंगावर पट्टे असलेल्यास तो पट्टेरी किंवा ढाण्या वाघ म्हणतो. त्याच्या बोलींत वाघ हा ऐसपैस शब्द आहे. एके काळीं डिअर या शब्दांत जशीं सर्व जनावरें मावत, तसे त्यांत हे दोघेही मावतात. शिवाय त्या शब्दास देवपणही आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघोबा वारली लोक पूजितात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या भागांत वाघोबाचीं १५० हून अधिक स्थानें नोंदलीं आहेत. आश्विन वद्य द्वादशीस देशावर वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. दिवाळीच्या त्याच सुमारास आपल्याकडील आदिवासी वाघबारस पाळितात. गुरें राखणारानें वाघाचीही आठवण ठेवावी, हा केवढा समंजस विचार! तो वाघबारस या एका शब्दांत सांठविलेला आहे. शब्द गेला, कीं त्याच्या मागोमाग तो विचारही जाईल.

भयंकर जनावराचें खरें नांव उच्चारूं नये, हा संकेत जगांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. रशियन भाषेंत अस्वलास मेदवेद म्हणतात, म्हणजे मध खाणारा. त्यांतील 'मेद' हा आपल्या 'मधु'चाच भाऊ. इंग्रजी बेअर शब्दाचा मूळ अर्थ तपकिरी रंगाचा, असें पुष्कळ विद्वान मानतात. अस्वलाचें जुनें नांव त्या लोकांनीं भयानें टाकून दिलें. संस्कृतानें मात्र तें ऋक्ष या रूपानें जपून ठेविलें. आपल्या घरींही रात्रीं सापाचें नांव घेत नाहींत; जनावर किंवा लांबडें म्हणतात, आणि साप चावला असें न म्हणतां पान लागलें असें म्हणतात.

येथें हा विषय मौजेचा राहत नाहीं. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी सुमारें ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. परगांवाहून आलेल्या डॉक्टरास किंवा परिचारिकेस 'पान लागलें' म्हणजे काय हें कळलें नाहीं, तर जो वेळ जातो तो परत मिळत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांस पाहतांच दूर होणारा, आणि धामण, दिवड, नानेटी ओळखून उगाच काठी न उचलणारा मुलगा हीं नांवें पुस्तकांतून शिकलेला नसतो. बांधावरून चालतांना बापानें वा आजोबानें बोट दाखवून तीं त्यास शिकविलेलीं असतात. तो वर्गांत गप्प बसला, तर वर्गाचेंच नुकसान आहे.

शब्दास मान मिळतो कीं नाहीं, हें पुष्कळदां शब्दाच्या गुणावर अवलंबून नसतें. बोलणाऱ्याच्या दर्जावर असतें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर दरबारांत आणि श्रीमंतांच्या पंगतीस फ्रेंच भाषा आली; शेतांत इंग्रजीच राहिली. म्हणून जिवंत जनावरांचीं काऊ, पिग, शीप हीं नांवें इंग्रजी आहेत, आणि ताटांतील मांसाचीं बीफ, पोर्क, मटन हीं नांवें फ्रेंचांतून आलेलीं आहेत. राखणाऱ्याचा शब्द एक, खाणाऱ्याचा दुसरा! त्यांतील मटन आपल्याकडे येऊन मटण झालें आणि मेंढी सोडून बोकडास लागलें. परंतु दरबारानें हलकी मानलेली ती शेतकऱ्यांची इंग्रजीच कांहीं शतकांनीं दरबारांतही बसली, आणि आज तिच्यासाठीं आपण पहांटे उठून पाठांतर करितों.

कित्येक पालक म्हणतील, काळ बदलला. नांगराची जागा ट्रॅक्टरनें घेतली, दूध पिशवींतून येतें. मग तलंग आणि वगार यांचें ओझें मुलांवर कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे. जुने शब्द सर्वच टिकत नाहींत, आणि ते टिकविण्याचा हट्टही धरूं नये. कोनी गेला, काइन गेला. इंग्रजी भाषा त्यामुळें बुडाली नाहीं. परंतु ते शब्द कागदावर उतरल्यानंतर गेले. आज कोश उघडणाऱ्या मुलास ते सांपडतात. आपल्या पाड्यांवरील कित्येक शब्द लिहिले जाण्यापूर्वींच चालले आहेत. घरची म्हातारी गेली, कीं तिच्याबरोबर तिचे शब्दही जातात, आणि ते गेले हेंही कोणास कळत नाहीं.

१८५७ हें साल आपण दुसऱ्या कारणानें स्मरतों. त्याच सालीं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनें कोशांत न आलेले शब्द गोळा करण्यासाठीं एक समिति नेमिली. त्या कामांतून पुढें ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश निर्माण झाला; त्याचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला आणि शेवटचा १९२८ सालीं. शेंकडों सामान्य वाचकांनीं चिठ्ठ्यांवर शब्द लिहून पाठविले, म्हणून तो पुरा झाला. योगायोग असा, कीं १८५७ सालींच मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति बाहेर पडली. पहिली १८३१ सालची. दुसरींत सुमारें ६०,००० शब्द आहेत, आणि पोथींतील शब्दांच्या पंक्तीस शेतकऱ्याच्या बोलण्यांतील शब्दही बसविलेले आहेत. पुढें १९०५ सालीं ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड प्रसिद्ध झाला. त्यांत वारली, वाडवळी, सामवेदी, कातकरी या बोलींचीही दखल घेतली आहे. त्या पाहणींत बोलीचा नमुना म्हणून सामान्यतः उधळ्या पुत्राचा दाखला त्या त्या बोलींत उतरवून घेत. दाखल्यांत डुकरें आहेत, पोसलेलें वासरूं आहे, करडूं आहे. त्यामुळें ठिकठिकाणच्या गोठ्यांतील शब्द सहज कागदावर आले.

गुरें राखावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं जोसेफ राइट यांचें चरित्र विशेष लक्षांत ठेवावें. १८५५ सालीं यॉर्कशरमधील एका गरीब घरांत त्यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षीं ते दगडाच्या खाणींत गाढवें हांकण्याच्या कामास लागले. पुढें गिरणींत राबले. सुमारें पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांस वाचतां येत नव्हतें. तेच गृहस्थ १९०१ सालीं ऑक्सफर्ड येथें तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनीं लॅटिन शिकली, जर्मन शिकली, संस्कृतही शिकली. पण घरच्या बोलीची लाज धरिली नाहीं. आपल्या गांवच्या बोलीचें व्याकरण त्यांनीं १८९२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १८९८ ते १९०५ या वर्षांत इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश संपादिला. गाढवें हांकतांना कानांवर पडलेली बोली त्यांच्या विद्येच्या आड आली नाहीं. ती त्यांच्या विद्येचें भांडवल झाली.

आपल्या तालुक्यानेंही असें एक उदाहरण जगास दिलें आहे. जिव्या सोमा म्हसे हे गंजाड गांवच्या पाड्यावरील वारली चित्रकार. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं त्यांचें निधन झालें. तांदळाच्या पांढऱ्या पिठानें त्यांनीं रेखाटलेले बैल, कोंबड्या, मासे आणि मुंग्या परदेशांतील प्रदर्शनांत लोकांनीं उभें राहून पाहिल्या. आज वारली चित्रें शहरांतील भिंतींवर, साड्यांवर आणि चहाच्या कपांवरही दिसतात. परंतु ज्या जनावरांचीं तीं चित्रें, त्यांस पाड्यावर काय म्हणतात, हें आमच्या वर्गांत कोणी विचारीत नाहीं. वारली रेषेला मान मिळाला, वारली शब्दाला अद्याप मिळाला नाहीं. ही उणीव भरून काढण्यास ना पैसा लागतो ना इमारत.

माझी सूचना साधी आहे. येत्या दिवाळीच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें दहा चिठ्ठ्या कराव्या. प्रत्येक चिठ्ठीवर जनावराविषयींचा घरचा एक शब्द, त्याचा अर्थ, तो शब्द घालून घरच्या माणसानें बोललेलें एक वाक्य, आणि आपल्या पाड्याचें नांव, एवढेंच लिहावें. किनाऱ्यावरील मुलांनीं माशांचीं नांवें आणावीं, डोंगरांतील मुलांनीं पांखरांचीं व सापांचीं, आणि गुरें असलेल्यांनीं गोठ्यांतील. एकाच जनावराचीं तीन नांवें आलीं तर तीं तिन्ही ठेवावीं. त्यांत चूक-बरोबर ठरवूं नये. गुरुजनांनीं त्या चिठ्ठ्या अक्षरानुक्रमानें लावून एका वहींत उतराव्या, आणि ती वही ग्रंथालयांत कोशांच्या कपाटांत ठेवावी. दहा वर्षांत तिचा लहानसा कोश होईल.

पालकांस एवढीच विनंति आहे, कीं मूल विचारावयास आलें, तर आमची भाषा गांवढळ, ती कशाला लिहितोस, असें त्यास म्हणूं नका. ज्या शब्दांनीं तुम्ही गाईची वेळ ओळखली, वाघाची चाहूल सांगितली आणि सापापासून लेंकरूं वांचविलें, ते शब्द तुमच्या मुलाच्या वहींत तुमच्या नांवानिशीं राहूं द्या. प्रमाण मराठी आणि इंग्रजी तें शाळेंत शिकेलच. हे शब्द मात्र तुमच्यावांचून त्यास दुसरें कोणी शिकवूं शकणार नाहीं.